बर्फावरचा भंडारा

भूकंपात मालक गेले तवापासून मी खंडोबाला काही मागितलं न्हाई. किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव. दगडामातीचं घर पहाटं अंगावर आलं, मी अन् तान्ही शोभा तेवढ्या निघालो. देवाला शिव्या दिल्या न्हाईत, पण बोलणं तुटलं. दिवा लावायची, हात जोडायची, अन् गप बसायची. लोकांच्या रानात खुरपून शोभाला शिकवलं. ती नर्स झाली अन् विलायतेला गेली, तिकडं वरच्या अंगाला, जिथं थंडी लई.

औंदा तिनं मला सहा महिन्यांसाठी नेलं. निघताना नणंदबाईनं माळेगावच्या खंडोबाचा भंडारा पुरचुंडीत बांधला अन् माझ्या कमरेला खोचला. म्हणल्या, "वैनी, तुमचं त्याच्याशी भांडण असंल, त्याचं तुमच्याशी न्हाई. असू द्या." आता नणंदेला न्हाई कसं म्हणावं.

शोभाला तिथं एक नाद लागलाय. पाठीवर ही मोठी पिशवी घ्यायची, त्यात झोपायची पिशवी, खायचं, स्टो, समदं. अन् ऐन हिवाळ्यात डोंगर चालत वलांडायचा. पल्याड वाटसरूंसाठी बांधलेल्या घरात मुक्काम करायचा, दुसऱ्या दिशी परत. तेबी एकलीनं. मी म्हणलं, मी येते. तर हसायला लागली. "आई, तिथं बस न्हाई, जीप न्हाई."

"किल्लारीला तरी कवा वेळेवर मिळाली?"

मग तिनं मला तिचे बूट दिले, लुगड्याखाली उबदार विजार घातली, अन् आम्ही निघालो. खरं सांगते, असा मुलूख मी जलमात पाहिला न्हाई. नुसता माळ, वर चढत जाणारा, झाड न्हाई, घर न्हाई, समदीकडं चुना सांडल्यागत पांढरं. मधूनच काळी खुरटी झुडपं वर आलेली, तूर काढल्यावर रानात खुंट ऱ्हातात तशी. अन् त्या मोकळ्या माळावर दगडाच्या भिंती, डोंगर चढून पार वर गेलेल्या. मधी माती न्हाई, चुना न्हाई, दगडावर नुसता दगड. मी हात लावून बघितलं. आमच्या भिंतींनी माणसं मारली, अन् ह्या कुणाच्या आज्यापणज्यानं रचलेल्या, वाऱ्यात तशाच उभ्या. रचणाऱ्याचा हात लई चांगला असंल. माझी पोरगीबी पुढं अशी चालत व्हती की बघत ऱ्हावं. पाठीवर वझं, पण मान ताठ.

माथ्यावर दगडांचा एक ढीग व्हता, माणसाएवढा. मी चप्पल काढायला वाकले, तर पायात बूट. शोभा म्हणली, "आई, तो देव न्हाई. वाट चुकू नये म्हणून केलेली खूण हाय. येणारा जाणारा एकेक दगड ठेवतो."

"मग देव आणखी काय असतो?" मी म्हणलं, अन् एक दगड ठेवला.

ती हसत वळली अन् तिचा पाय बर्फाखालच्या खोबणीत गेला. पडली ते वरडलीच. बूट काढून बघितला तर घोटा सुजून हा असा. तेवढ्यात धुकं आलं. खालून वर आलं अन् आम्हाला गिळून बसलं, चार हातावरचं दिसंना. फोन लागंना. अंधार पडायला लई वेळ नव्हता. शोभा म्हणली, "आई, तू भिंतीच्या कडंकडंनं खाली जा, कुणी भेटतंय का बघ." मी म्हणलं, "तुला टाकून मी कुठं जात न्हाई. गप बस." तिला झोपायच्या पिशवीत घातलं, ढिगाच्या आडोशाला टेकवलं. तिचे व्हट निळे पडाय लागले. नर्सच ती, तिला कळत व्हतं काय व्हणार. मलाबी कळत व्हतं.

मग मी कमरेची पुरचुंडी सोडली. बोटं चालत नव्हती, दातानं गाठ काढली. इतक्या वर्सांनी तोंड उघडलं. म्हणलं, "मल्हारी, मी तुला काही मागत न्हाई. ही माझी म्हणून मी हिला आजवर धरून बसले. आता माझा हात पुरंना. ही तुझीच हाय, तूच बघ." अन् येळकोट म्हणून समदा भंडारा उधळला. दगडावर, बर्फावर, पोरीच्या पिशवीवर, पिवळंधमक झालं. अन् खरं सांगते, भ्याव गेलं. थंडी तेवढीच व्हती.

तिला कवटाळून बसले. किती वेळ, ठावं न्हाई. मग कुत्रं भुकलं. काळंपांढरं, धुक्यातून आलं, भंडारा हुंगला अन् फटाफट शिंकलं. मागून काठी टेकत एक म्हातारा. शोभा त्याच्याशी बोलाय लागली, अन् बोलता बोलता रडाय लागली, अन् रडता रडता हसाय लागली. मी म्हणलं, "आगं काय म्हणतोय त्यो?"

म्हणली, "आई, हा मेंढरंवाला हाय. ह्याचं एक मेंढरू चुकलंय. ह्याच्या मेंढरांच्या पाठीवर पिवळ्या रंगाची खूण असते. खालून बघत व्हता, धुकं जरासं फाटलं अन् वर पिवळं दिसलं. मेंढरू म्हणून आला."

 खंडोबा धनगराचा देव हाय, हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार.

त्याची चार चाकाची फटफटी खाली व्हती. शोभाला पाठुंगळी घेऊन तो उतरला, माझ्याच वयाचा माणूस. घरी नेलं, त्याच्या बायकोनं चुलीपुढं बसवलं, च्या दिला. डागदराला फोन केला. माझ्या हाताला भंडारा चिकटलेला व्हता, तो मी त्या म्हाताऱ्याच्या कपाळाला लावला. शोभानं सांगितलं तो काय म्हणला ते: "आता मी तुमच्या कळपातला झालो." मी म्हणलं, "माझ्या न्हाई बाबा. आपुन समदी एकाच्याच."

शोभाच्या व्हटाला रंग आला. मी खिडकीपाशी गेले. म्हातारा परत निघाला व्हता. त्याचं मेंढरू अजून वरच व्हतं. बायको काही म्हणली, त्यानं हात हलवला अन् बॅटरी घेऊन त्याच थंडीत डोंगर चढाय लागला. एका मेंढरासाठी. मेंढराला ठावंबी नसंल की कुणी येतंय. ते कुठं तरी भिंतीला चिकटून उभं असंल. मी हात जोडले. त्याच्या बॅटरीचा उजेड वर वर जात ऱ्हायला, अन् दिसंनासा होईस्तवर मी तिथंच उभी ऱ्हाइले.