ताईच्या खिशातली टिकटिक

शुक्रवारी सकाळी हॉस्पिसमधून फोन आला तेव्हा मी हॅरोच्या घरी डबा भरत होते. नर्स फार सावकाश बोलत होती, त्यावरूनच कळलं. माझी थोरली बहीण वसुधाताई गेली होती. मेहुणे तिच्याजवळच होते. त्यांनी मला एकच काम सांगितलं, तिच्या बायकांना कळव. ‘तिच्या बायका’ हा आमच्या घरातला शब्द. लंडनच्या स्टॅमफर्ड हिल भागात हरेदी, म्हणजे धर्माचा एकूण एक नियम कसोशीने पाळणारे ज्यू लोक राहतात. त्यांच्यातल्या बायकांना ताईने सहा वर्षं शिकवलं होतं. मी रोखलला फोन लावला. ही ताईच्या पहिल्या तुकडीतली. ती रडली, आणि मग म्हणाली, आज सूर्य मावळल्यापासून उद्या रात्रीपर्यंत आमचा शब्बाथ, कामाला हात न लावायचा दिवस, मी फोन उचलणार नाही, राग मानू नका. तो राग मी मानला नाही. मानला तो पुढच्या गुरुवारी, क्रिमेटोरियममध्ये. आमच्या मराठी मंडळातली सगळी माणसं आली, स्टॅनमोरला ताईकडे पत्रं टाकणारा पोस्टमन आला, पण त्या बायकांपैकी एकही आली नाही. त्यांच्यात दहन निषिद्ध आहे, त्यांना तिथे उभं राहणं जमलं नसतं, असं मेहुण्यांनी समजावलं. मला काही ते पटलं नाही. हिने सहा वर्षं ट्यूब आणि बस बदलत जायचं आणि त्यांना एक तास येता येऊ नये, असं मी परतताना गाडीत बोलूनही दाखवलं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. पुण्यात मानसशास्त्र शिकली, आणि इथे येऊन ऑटिस्टिक मुलांना शिकवायची एक पद्धत शिकली. अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस हे तिचं लांबलचक नाव, सगळे एबीए म्हणतात. मुलाला कोट घालायला शिकवायचं तर त्या कामाचे दहा लहान तुकडे करायचे, आणि एक तुकडा जमला की तिथल्या तिथे शाबासकी द्यायची, अशी ती पद्धत. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. हरेदी घरांत अशी मुलं होती, पण बाहेरून जाणाऱ्या थेरपिस्टना तिथले सण, स्वयंपाकघराचे नियम, यिडिश भाषा यातलं काही कळायचं नाही. म्हणून त्यांच्यातल्याच बायकांना तयार करायचं ठरलं. त्यांनाही शिकून काम करायचं होतं, फक्त शुक्रवारी दुपारी घरी पोचता येईल असं काम हवं होतं. हे शिकवायला ताईला बोलावलं आणि पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. मुलांना बक्षीस म्हणून जेलीच्या गोळ्या द्यायची तेव्हा पद्धत होती. ताई पक्की शाकाहारी. तिने दुकानात अर्धा तास पाकिटं वाचून प्राण्यांच्या हाडांपासूनचं जिलेटिन नसलेल्या गोळ्या नेल्या आणि आपण किती विचार केला म्हणून मनातून खूश होती. एकीनेही पाकिटाला हात लावला नाही. शाकाहारी असलं म्हणजे कोशर, त्यांच्या धर्माला चालणारं, झालं असं नाही, त्याला त्यांच्या धर्मगुरूंचा शिक्का लागतो. संध्याकाळी मला फोनवर म्हणाली, “अगं सुमे, वीस वर्षं मी ऑफिसात लोकांचे केक नाकारत आले, आणि हे मला कळू नये?”

मग अडचण आली व्हिडिओची. हे सगळं शिक्षण मुलांचे व्हिडिओ दाखवून व्हायचं, पण त्या बायकांच्या घरी टीव्ही नव्हता आणि त्यांना तो वर्गातही नको होता. तेव्हा बावन्न वर्षांची ताई स्वतःच मूल झाली. सलवार-कमीज घालून टेबलाखाली शिरायची, बूट भिरकवायची, कोट बघितला की कानांवर हात ठेवून ओरडायची. बायका आधी लाजल्या, नंतर सरावल्या. गोळ्या गेल्या, व्हिडिओ गेले, हाती राहिली शाबासकी. ती नेमकी हवी, खरी हवी आणि लगेच हवी, उशिरा दिली तर मुलाला कळतच नाही ती कशाची, असं ताई घोकून घ्यायची. प्रत्येकीला तिने मुठीत मावणारं एक मोजणीयंत्र दिलं होतं. एक शाबासकी दिली की बटण दाबायचं, टिक, आकडा पुढे. तेव्हा रोखल म्हणाली होती, आमच्यात मुलंमाणसं मोजत नाहीत, नजर लागते. ताई म्हणाली, “मुलं नका मोजू. आपले शब्द मोजा.”

नजर लागण्याचं ताईला सांगायलाच नको होतं. नजर लागेल म्हणून आमच्या आईने कधी तोंडावर कौतुक केल्याचं मला आठवत नाही. नववीत माझा पहिला नंबर आला तेव्हा तिने विचारलं, संस्कृतचे दोन मार्क कुठे गेले. मी आईवर गेले. ताईने मात्र पन्नाशीत स्वतःला बदललं. तसलंच एक यंत्र तिच्याही कोटाच्या खिशात असायचं. “आमटीत गूळ अगदी बेताचा घातलास,” असं ती म्हणायची, आणि खिशातून टिक ऐकू यायचं. मला राग यायचा. माझ्यावर प्रयोग करू नकोस, असं मी कितीदा म्हटलं. ती रोज सकाळी आकडा शून्यावर आणायची आणि पुन्हा सुरू करायची.

एकदा तिने मला वर्ग बघायला नेलं. त्या दिवशी रोखलची परीक्षा होती. ती पास झाली तर त्यांच्यातली पहिली थेरपिस्ट होणार होती. ताई कोट फेकणारं मूल झाली होती. अकराव्या खेपेला ताईने टेबलाखालून बाहेर येऊन एक हात बाहीत घातला, आणि त्याच क्षणी रोखल म्हणाली, “तू हात स्वतः घातलास!” मागे बसलेल्या बायकांमधून कुणीतरी हुंदका दिला. माझी बहीण काय करते आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं… आणि परत येताना ट्यूबमध्ये तिने विचारलं, कसं वाटलं गं? मी म्हणाले, “फ्लिपचार्टवर तुझं अक्षर फार बारीक होतं. मागून काही दिसत नव्हतं.” ती फक्त बरं म्हणाली.

आमची शेवटची भेट ती गेली त्याच्या आदल्या दिवशीची, गुरुवारी दुपारची. तिला फारसं बोलवत नव्हतं. मी संत्रं सोलत होते, फोडींवरच्या पांढऱ्या शिरा काढत होते. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “एकही शीर ठेवली नाहीस. छान सोललंस.” पांघरुणाखालून टिक झालं. मी म्हणाले, बोलू नकोस, दमशील.

दहनानंतरच्या रविवारी रोखल आणि तिघीजणी स्टॅनमोरला आल्या. कोचावर ओळीने बसल्या आणि गप्प. आमच्या भांड्यांतला चहा त्यांना चालत नव्हता. मी वाट बघत होते की त्या दोन शब्द बोलतील, भेटायला आलेली माणसं बोलतातच. दहा मिनिटं गेली. माझा राग पुन्हा वर आला. शेवटी मीच म्हणाले, तुम्हाला तिची आठवण येते का? आणि चौघी एकदम बोलू लागल्या. मग कळलं, त्यांच्यात घरचं माणूस तोंड उघडेपर्यंत आलेल्याने बोलायचं नसतं. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. ताईने त्यांच्यातल्या अकराजणींना कामाला लावलं होतं, हे मला त्यांच्याकडून समजलं. निघताना रोखल म्हणाली, “माझ्या परीक्षेनंतरच्या आठवड्यात त्यांनी फ्लिपचार्टवर हाताएवढी अक्षरं काढली. म्हणाल्या, माझ्या बहिणीने मागे बसून नीट बघितलं, म्हणून मला कळलं. आणि आमच्यासमोर बटण दाबलं.”

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

ते यंत्र मेहुण्यांनी मला दिलं. आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतं. त्यावर नऊ आकडा आहे. त्या गुरुवारी, तसल्या अवस्थेत, ताईने नऊ वेळा कुणाला तरी काहीतरी चांगलं सांगितलं होतं, नर्सना असेल, सफाईवाल्या बाईला असेल. नववं माझं संत्रं. मी तो आकडा शून्यावर आणलेला नाही. आज हे लिहून झाल्यावर ते हातात घेतलं, बटणावर अंगठा ठेवला. ताई, त्या दिवशी तू टेबलाखालून बाहेर आलीस तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता… पण शाबासकी लगेच द्यायची, हा तुझाच नियम. मी अंगठा काढून घेतला.