दादाने उघडं ठेवलेलं दार

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या समोरच तो राहायचा. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचे. बनारसच्या एका कॉलेजच्या संगणक विभागात त्यानेच मला लावून दिलं. लिनक्स ही संगणक चालवणारी फुकटची प्रणालीही त्यानेच शिकवली. बाकी सगळ्यांशी हिंदी, पण आमचं दोघांचं ऑफिसातही मराठीच चाले.

कॉलेजात इंटरनेट आलं, पण बाहेरच्यांना आत शिरू न देणारी विकतची फायरवॉल घ्यायला विभागाचे साहेब तयार नव्हते. मग आम्ही अडगळीतला एक जुना संगणक पुसून घेतला, मासिकासोबत फुकट आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स चढवलं आणि बाहेरची सगळी ये-जा त्यातून वळवली. ईमेलही तोच संगणक सांभाळायचा. नको त्या सेवा मी एकेक करून बंद केल्या, दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायची सोयसुद्धा. दादा मागे उभा होता.

"शाब्बास! आता घाटावरचं माकडदेखील आत शिरायचं नाही."

त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीशी माझं ईमेलवर बोलणं चालू होतं. घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी चहा पिताना दादा सहज म्हणाला, "पुण्यात पगार बरा देतायत, पण राहशील कुठे?"

"तुला कोणी सांगितलं?"

"काकू बोलल्या असतील."

आईला तर काहीच ठाऊक नव्हतं. मी जागेवर येऊन फायरवॉलचे नियम एकेक ओळ वाचत गेले. मी बंद केलेलं लॉगिन एका संगणकासाठी उघडं होतं. तो कॉलेजातल्या दादाच्या खोलीतला. मग ईमेलच्या सेटिंग उघडल्या, तर माझ्या प्रत्येक ईमेलची प्रत त्याच्या खात्यात जात होती.

मी त्याला बोलावलं. पडद्याकडे बघून तो नाही म्हणाला नाही.

"तू गेलीस तर हे सगळं मी एकट्याने कसं ओढू? लक्ष ठेवायला नको?"

"माझ्या पत्रांवर?"

"अरे यार, घर की बात है।"

माझ्याशी तो हिंदीत बोलला, ते सगळ्यात जास्त लागलं.

मी त्याच्यादेखत डिस्क पुसून कोरी केली, सगळं नव्याने बसवलं आणि पासवर्ड साहेबांच्या हाती दिला. कारणही सांगितलं. "आपस में निपटा लो," म्हणून ते फाइलीत शिरले. दादाची खुर्ची शाबूत राहिली. मी पुण्याची नोकरी घेतली.

निघायच्या दिवशी त्याची आई लाडूंचा डबा घेऊन स्टेशनवर आली. "हा कसा नाही आला गं तुला सोडायला?" तिने विचारलं.

"त्याला काम असेल, काकू," मी म्हटलं आणि वाकून नमस्कार केला.