रंगवलेली डायल

निवृत्त झाल्यावर बाबांना जुन्या मनगटी घड्याळांचा नाद लागला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीला लागून त्यांची खुर्ची होती. सकाळचा चहा झाला की ते तिथं टॅब घेऊन बसायचे आणि जाहिराती बघायचे. कुणी आजोबांचं घड्याळ विकायला काढलेलं असायचं, कुणी सासऱ्यांचं. बाबा फोटो दोन बोटांनी ताणून मोठा करायचे आणि बहुतेक वेळा लगेच म्हणायचे, "रंगवलेली."

रंगवलेली म्हणजे डायल. जुन्या घड्याळाची तबकडी डागाळली की काही कारागीर ती घासून काढतात, नवा रंग देतात आणि अक्षरं पुन्हा छापतात. धंद्यातले लोक तिला रिडायल म्हणतात. दिसायला छान दिसते, पण जाणत्या माणसाच्या लेखी ते घड्याळ मेलेलं असतं.

मी तेव्हा लग्न मोडून घरी परत आले होते. बँकेत नोकरी करत होते. संध्याकाळी बाबा मला समोर बसवून शिकवायचे. "अक्षरांच्या कडा बघ. कारखान्यातली छपाई ब्लेडनं कापल्यासारखी असते, नंतरची फुगते. मिनिटांच्या रेघा सगळ्या एकाच ठिकाणी थांबतात का बघ. सहाच्या खाली अगदी कडेला देशाचं नाव असतं. रंगवणारा ते विसरतो, नाहीतर वर सरकवतो. आणि काटे म्हातारे, डायल तरुण, असं दिसलं की पुढं बघायचंच नाही." विकणाऱ्यांना ते फोन करून फर्मान सोडायचे. ट्यूबलाइटखाली नको, खिडकीपाशी धरा, तिरपा फोटो काढा.

त्यांची नजर खरंच पक्की होती. तीच नजर घरातही फिरायची. पोळीची कड जाड, साडीचा काठ वर-खाली, माझ्या सहीतलं अक्षर बाजारू. त्या वर्षी धरण मृतसाठ्यावर आलं होतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि सोसायटीत टँकर आला की आई बादल्या घेऊन खाली पळायची. बाबा खुर्चीतूनच सांगायचे की पिंप घासल्याशिवाय भरलं. त्याच उन्हाळ्यात आईला टायफॉइड झाला. ती उठली, पण केस मूठमूठ गळाले आणि भुवया जवळजवळ गेल्या. आरशासमोर उभी राहणं तिनं सोडून दिलं.

दिवाळीनंतर बाबांना खुलताबादची एक जाहिरात दिसली. फोटो धुरकट होता, म्हणूनच बहुधा दुसऱ्या कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. बाबा मात्र दोन दिवस त्या फोटोवरून हलले नाहीत. रविवारी म्हणाले, गाडी काढ. आईलाही घेतलं, कारण वाटेत खायला काहीतरी लागणार.

घाट चढताना दोन्ही बाजूंचे डोंगर करपलेले होते आणि खाली प्लॉट पाडलेल्या जमिनींवर पांढरे दगड रांगेनं रोवलेले होते. गावाच्या तटाच्या आत एका बोळात ते घर होतं. घड्याळ विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. पुतण्यानं जाहिरात टाकली, असं म्हणाले. त्यांची पेरूची बाग सुकत चालली होती, टँकरनं झाडं जगवत होते. त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळलेलं घड्याळ आणून बाबांच्या हातात दिलं.

"आमच्या अब्बांचं आहे, साहेब. हैदराबादहून घेतलं होतं. शेवटपर्यंत मनगटावरून उतरलं नाही."

बाबांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग काढून, डॉक्टर बोलतात तशा आवाजात म्हणाले, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. ही डायल रंगवलेली आहे."

"नाही, साहेब. अब्बांनी कुणाला हात लावू दिला नाही."

"मग दुकानदारानंच त्यांना फसवलं असेल. नाहीतर त्यांनी रंगवून घेतली आणि तुम्हाला सांगितलं नाही. असं करतात लोक. आतली मशीन तेवढी कामाची आहे."

दारात त्यांच्या पत्नी सरबताचे पेले घेऊन थांबल्या होत्या, त्याही आत आल्या नाहीत. मास्तर म्हणाले, "अब्बा झूठ नहीं बोलते थे." ते आमच्याशी बोलत नव्हते. मग त्यांनी रुमालाची घडी घातली आणि बाबा देतील त्या किमतीला घड्याळ दिलं. "घेऊन जा. आता घरात नको."

मलाही त्यांची दयाच आली. बाबा सांगतात म्हणजे तसंच असणार, असं मी धरून चालले होते. गाव मागं पडल्यावर बाबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. घड्याळ उन्हात धरलं आणि असे हसले की आई मागच्या सीटवरून पुढं वाकली.

"अस्सल! एका माणसाचा हात लागलेला नाही. हा सायीसारखा रंग बघ, असा रंग वर्षं गेल्याशिवाय येत नाही. म्हातारा फोटो पाठवत बसला असता तर पुण्यामुंबईवाल्यांनी पळवलं असतं."

"मग त्यांना तसं का सांगितलंत?" आईनं विचारलं.

"व्यवहार आहे तो. तुला नाही कळायचं."

आई पुन्हा मागं टेकून बसली.

पुढच्या महिन्यात माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. बीड बायपासला नवीनच झालेल्या कार्यालयात सगळे जमले होते. माम्यांनी आईला ओढून पार्लरवालीपुढं बसवलं. तिनं आईचे उरलेले केस रंगवले, मागं नीट बांधले, भुवया रेखल्या, गालांना थोडा रंग लावला. आई बाहेर आली तेव्हा मला ती आजारपणाच्या आधीची वाटली. ती लाजत लाजत बाबांपाशी गेली. "बघा हो, बरं दिसतंय का?"

बाबांभोवती सात-आठ पाहुणे बसले होते. बाबांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि आईची हनुवटी दोन बोटांत धरून तिचा चेहरा दिव्याकडं वळवला. "छपाई फुगलीय," ते म्हणाले. "रेघा वर-खाली आहेत. आमच्यात याला रिडायल म्हणतात. अशा मालाला निम्मा भावसुद्धा येत नाही."

लोक हसले. कुणीतरी रिडायल म्हणजे काय ते विचारलं आणि बाबांनी ते सविस्तर समजावून सांगितलं. आई तिथंच उभी होती, हनुवटी अजून त्यांच्या बोटांत. नंतर ती हात-तोंड धुवायच्या जागी गेली. तिथंही पाणी नव्हतं. पदरानंच तिनं भुवया पुसल्या आणि काळे फराटे कपाळावर घेऊन जेवायला वाढत राहिली.

खुलताबादचं घड्याळ बाबांनी लोखंडी कपाटात डबीत बंद करून ठेवलं होतं. उजेडानं डायल बिघडते म्हणून ते उघडत नसत. पुण्याचे दोन नावाजलेले संग्राहक येणार होते, त्यांच्यासमोरच काढायचं असं ठरलं होतं. तोवर त्याचा फोटोही त्यांनी कुणाला पाठवला नव्हता. कपाटाची किल्ली मात्र आईच्या कमरेला असायची.

एका सकाळी मी बँकेत निघाले तेव्हा आई म्हणाली, मला गुलमंडीला सोड. मला वाटलं काहीतरी खरेदी असेल. ती एका घड्याळवाल्याच्या दुकानात शिरली, मीही मागोमाग गेले. तिनं पर्समधून डबी काढली.

"डायल रंगवून द्या. रंग असाच सायीचा ठेवा, पण अक्षरं सगळी नव्यानं छापा."

दुकानदारानं घड्याळ उलटसुलट करून बघितलं. "बाई, हिला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. असं घड्याळ आता मिळत नाही. रंगवली की संपली ती."

"म्हणूनच आणलंय."

"साहेबांना विचारलंय का?"

"साहेबांना यातलं सगळं कळतं," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. "आई, बाबांना लगेच कळेल."

"नाही कळायचं. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. सांगत नाहीत कुणाला. चहाचा कप घेताना हात कसा चाचपडतो, तू बघितलं नाहीस का?"

पुण्याचे पाहुणे आले त्या दिवशी आईनं पुरणपोळी केली होती. जेवणं झाली आणि बाबांनी डबी आणली. झाकण उघडून, घड्याळ तळहातावर ठेवून ते बराच वेळ बोलले. अशी साय कशी धरते, अक्षरं किती तीक्ष्ण, खुलताबादच्या म्हाताऱ्याला आपण कसं गुंडाळलं. पाहुण्यांपैकी धाकट्यानं घड्याळ घेतलं आणि फोनच्या कॅमेऱ्यातून बघायला लागला. मग त्यानं ते शेजारच्याला दिलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"काका," धाकटा म्हणाला, "तुम्ही घेताना भिंगानं बघितली होती ना?"

"म्हणजे काय!"

"ही रंगवलेली आहे. ताजीच म्हणा ना. सहाच्या खाली देशाचं नावच नाही."

बाबांनी त्याच्या हातातलं घड्याळ हिसकावून घेतलं. खिडकीपाशी गेले, भिंग लावलं, डोळा बदलला, पुन्हा लावलं. डायल घरात बदलली गेली, असं ते म्हणू शकले असते. पण इतका वेळ तळहातावर धरून तेच तिचं कौतुक करत होते. शेवटी पाठमोरेच म्हणाले, "घाईत घेतली गेली."

थोरल्या पाहुण्यानं हसू दाबलं. धाकट्यानं दाबलं नाही. आईनं त्यांच्यापुढं बडीशेपेची वाटी धरली.

ते गेल्यावर बाबांनी मास्तरांना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, आम्हाला ऐकू जावं म्हणूनच. लबाड, चोर, शिक्षक म्हणवता स्वतःला, खोटा माल गळ्यात मारलात. मग पलीकडून मास्तरांचा आवाज आला.

"साहेब, रंगवलेली आहे असं तर तुम्हीच म्हणाला होतात. मग मी काय फसवलं?"

बाबांनी फोन ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून मला एक गोष्ट समजली. आपण तेव्हा खोटं बोललो होतो की खरं, हे त्यांचं त्यांनाच आता सांगता येत नव्हतं.

त्यानंतर ते बाकीची घड्याळं काढून बसायचे. एकेक भिंगाखाली धरायचे, परत ठेवायचे, पुन्हा काढायचे. मला बोलावून विचारायचे, "ही बघ गं, ही खरी आहे ना?" मी खरी आहे म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर साफ झाली, पण फरक पडला नाही. जाहिराती बघणं थांबलंच.

मी एकदा आईला म्हटलं, "निदान त्या मास्तरांना तरी सांग. त्यांनी काय केलं होतं?"

आई भाजी निवडत होती. "मला वाईट वाटतं त्यांचं. खरंच वाटतं. पण त्यांना सांगितलं तर ते यांना सांगतील. मग यांना कळेल की त्या दिवशी यांचा डोळा बरोबर होता." तिनं मेथीची काडी मोडली. "तेवढं सुख मला यांना द्यायचं नाही."

पुढच्या वर्षी मी एकटीच खुलताबादला गेले. ते घड्याळ बाबांनी माझ्याकडं टाकून दिलं होतं, ते पर्समध्ये घेतलं. मास्तरांची बाग राहिली नव्हती. झाडं काढून जमीन प्लॉटवाल्याला दिलेली होती. मास्तरांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं. मी सगळं सांगितलं. डायल अस्सल होती, बाबा खोटं बोलले, रंगवली ती आमच्या घरातून.

माझं झाल्यावर मास्तर म्हणाले, "तुम्ही लोक गेल्यावर मी भावाला सांगितलं की अब्बांनी आपल्याला फसवलं, घड्याळ नकली होतं. अब्बांबद्दल असं बोललो म्हणून तो भांडला. आजपर्यंत घरी येत नाही."

"मी त्यांना भेटून सांगू का?"

"काय सांगणार, बेटी? वडील म्हणाले नकली, मुलगी म्हणते असली. आता घड्याळावर काय आहे?"

"रंगवलेली डायल."

"मग झालं की."

मी घड्याळ त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी त्याला हात लावला नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण चहा आला नाही. थोडा वेळ बसून मी ते उचललं, पर्समध्ये टाकलं आणि निघाले. मास्तर दारापर्यंत आले नाहीत.