आधी डावीकडे

घाडगे बाईंच्या हातात कोणताही खेळ दिला की त्या आधी उलट्या दिशेने चालायला लागायच्या. कॉम्प्युटरवरच्या उड्यांच्या खेळात नायक पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि त्याला पळायचं असतं उजवीकडे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंना कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण त्या चष्मा नाकावर खाली ओढायच्या, डाव्या बाणाचं बटण दाबून धरायच्या आणि निवांत मागे मागे जायच्या. खेळ बनवणारी पोरं शेजारी उभी राहून देवाचं नाव घ्यायची. दोन दिवसांत घाईघाईने जुळवलेल्या खेळात डावीकडे भिंत घालायला कोण कशाला बसतंय? बाईंचा नायक जमिनीची कड ओलांडायचा आणि जो पडायचा तो पडतच राहायचा.

"समोरचं तर सगळेच सजवतात रे," बाई म्हणायच्या. "मागं काय ठेवलंय ते बघावं. बनवणारा तिथं सापडतो."

चिंचवडच्या पॉलिटेक्निकमध्ये बाईंनी मला गणित शिकवलं. मूळच्या उदगीरच्या. इकडे उभी हयात गेली, पण रंगात आल्या की तिकडची बोली बाहेर यायचीच. मी पायऱ्या गाळून उत्तर लिहिलं की फळ्याकडे पाठ करून म्हणायच्या, "कुठं पळायलास तुषार? गणित काय बस आहे का सुटायला?" पुढे मी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायला लागलो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेऊ लागलो. आम्ही काही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून स्पर्धा सुरू केली: दोन दिवसांत एक खेळ, आणि तो कशाचं तरी विडंबन असलाच पाहिजे. परीक्षक म्हणून माझ्या जोडीला बाईंना बोलावलं ते खरं सांगायचं तर शोभेला. शाल घेतील, दोन शब्द बोलतील, जातील. बाईंनी शाल खुर्चीवर टाकली, नारळ तिच्यावर ठेवला आणि विचारलं, "उडीचं बटण कुठलं?"

स्पर्धा भरायची थेरगावात, डांगे चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात. मालक अण्णा. हिंजवडीशेजारच्या माण गावचं जुनं शेतकरी घराणं; शेतावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि अण्णा हॉल, गाड्या, वाढदिवसाचे फ्लेक्स असे वाढत गेले. लग्नाची तारीख नसलेले दोन दिवस ते आम्हाला फुकट द्यायचे. जेवणाच्या टेबलांवर लॅपटॉप मांडायचे, स्टेजवर मोठा पडदा, आणि परीक्षक कुठे बसणार तर नवरा-नवरीच्या लाल मखमली सोफ्यावर! पहिल्या वर्षी मी लाजेने अर्धा झालो. बाई मात्र ऐसपैस बसल्या. "बस रे नीट. अक्षता पडायच्या नाहीत," म्हणाल्या आणि थर्मासमधून आल्याचा चहा ओतला.

काय एकेक खेळ यायचे! एकात कंपनीची बस होती. तुम्ही पोचलात की ती नेमकी तेवढीच पुढे सरकायची. एकात शेवटचा राक्षस म्हणजे मुलाखत घेणारी मॅडम, तिच्या तोंडून "स्वतःबद्दल सांगा" असे दगड निघायचे. चाकणच्या एका पठ्ठ्याने तर कमालच केली. त्याच्या खेळात नायक ट्रॅफिकमध्ये मालाच्या ट्रेलरमागे उभा राहायचा आणि उभाच राहायचा, वेळ संपली की पडद्यावर यायचं, "आज कामावर उशीर. पुन्हा उद्या." बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पदराने पुसावा लागला.

पण नुसत्या हसण्यावर त्यांचे गुण मिळत नसत. "टिंगल करायला अक्कल लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ज्याची नक्कल केली त्यालाच परत खेळावं वाटलं पाहिजे. मग मी मानते."

हे वाक्य आम्ही भाषणात वापरायचो. खरं करून दाखवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. ती वेळ आणली वैष्णवीने.

वैष्णवी दापोडीची. दिवसा चाकणला असेंब्ली लाइनवर, संध्याकाळी डिप्लोमाचे वर्ग. एकटीच आली होती. तिच्या खेळाचं नाव 'भावी'. पांढरा शर्ट, गॉगल, मिशी असा एक नायक वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून फ्लेक्सवर उड्या मारत वर चढतो. वाटेत सोन्याच्या चेन लटकलेल्या, त्या गोळा करायच्या. सगळ्यात वर एक खुर्ची. मोठ्या पडद्यावर खेळ लागला आणि हॉलमध्ये जो हशा उठला, तो एकदम थांबला. दारात अण्णा उभे होते. पांढरा शर्ट, गॉगल, मिशी.

"ह्ये कोण हाय?" अण्णांनी विचारलं.

ते टेबलांमधून वाट काढत पडद्यापर्यंत आले.

"मी सांगतो. ह्ये माझं थोबाड हाय. माझ्या हॉलमधी, माझ्याच पंख्याखाली बसून माझी टिंगल व्हय? बंद करा ते. न्हाईतर पुढच्या वर्षी दुसरीकडं मांडव घाला."

दुसरीकडे कुठे? सगळीकडे विचारून झाल्यावरच आम्ही अण्णांच्या दारात आलो होतो. हा हॉल गेला की स्पर्धा संपली, हे आम्हाला ठाऊक होतं आणि वैष्णवीलाही. ती उठून मला म्हणाली, "सर, मी काढून टाकते खेळ. माझ्यामुळं सगळ्यांचं नको जायला."

"काढायला कोण सांगायलंय? बस गं खाली," बाई म्हणाल्या आणि सोफ्यावर सरकून त्यांनी जागा केली. "अण्णा, या. बंद करायचा तर करू. आधी खेळा."

"मी?"

"तुमचीच नक्कल आहे. दुसऱ्या कुणी खेळून काय उपयोग?"

आता भर सभेत बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून अण्णा आले आणि सोफ्याच्या कडेला टेकले. पहिली उडी चुकली, दुसरी लागली. तिसऱ्या फ्लेक्सवर पोचल्यावर गॉगल डोक्यावर गेला. हॉलमधून हळूच कोणीतरी ओरडलं, "अण्णा, चेन राहिली!" अण्णांनी मागे फिरून ती घेतली. मग काय, एकही चेन सोडेनात. लोक उठून उभे राहिले, "अण्णा, उडी! अण्णा, उडी!" असा गजर सुरू झाला. मीही ओरडत होतो, परीक्षक असल्याचं विसरून.

आणि शेवटची उडी लागेना. खुर्ची समोर दिसतेय, अण्णांचा नायक जेमतेम गुडघ्याएवढा उडतो आणि खाली येतो. पुन्हा तेच. अण्णांचे कान लाल झाले. "बटण खराब हाय!"

"बटण चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "मागं जा की."

"मागं? आवं बाई, खुर्ची म्होरं हाय!"

"डावीकडं. सगळ्यात मागं जाऊन बघा."

बाईंनी हा खेळ अजून हातात घेतला नव्हता. डावीकडे काय आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. भिंत नसेल तर? चारचौघांत अण्णांचं चित्र खड्ड्यात पडणार, पडतच राहणार, आणि आमची स्पर्धा त्याच्या मागोमाग. मी वैष्णवीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक मुठीत धरून पडद्याकडे बघत होती.

अण्णा एकेक फ्लेक्स उतरत सुरुवातीच्या जागी आले आणि आणखी डावीकडे गेले. तिथे पत्र्याचं छोटं घर होतं. दारात नऊवारीतली म्हातारी. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली: "आलास व्हय? जेवलास का? ठेव ते गळ्यातलं खुंटीला." एकेक चेन निघून खुंटीवर गेली. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येक चेनने नायक जड होत होता.

अण्णांचा हात बटणावर नुसताच राहिला. "आमची म्हातारी असंच म्हणायची," ते हळू म्हणाले. "आदी जेवलास का, मग बाकीचं."

मग ते सुटले! फ्लेक्सवरून फ्लेक्सवर तो नायक नुसता उडत गेला आणि खुर्चीत जाऊन बसला. हॉलमध्ये जी आरोळी उठली तशी तिथल्या कुठल्या लग्नातही उठली नसेल. अण्णा दोन्ही हात वर करून उभे. "पुन्यांदा लावा!" ते ओरडले. मग वैष्णवीकडे वळून म्हणाले, "पोरी, समदं झ्याक हाय. तेवढं थोबाड जरा बरं काढ."

बाईंनी तो खेळ तपासलाच नाही. "ज्याची नक्कल तोच परत मागायलाय. मी काय बघू आता?" म्हणत त्यांनी पूर्ण गुण लिहिले.

बाई निवृत्त होऊन उदगीरला गेल्या, त्यालाही आता काही काळ झाला. त्यांच्यावाचून तो सोफा मला अजून ओकाबोका वाटतो. स्पर्धा मात्र थेरगावातच भरते, आणि माझ्या शेजारी बाईंच्या जागी अण्णा बसतात. समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवलेला असतो, त्यात व्हिडिओ कॉलवर बाई. खेळ लागला की फोनमधून आवाज येतो, "आधी डावीकडं," आणि अण्णा म्हणतात, "चाल्लोच हाय की!"

यंदा आकुर्डीच्या काही नव्या मुलींचा खेळ होता. बाईंना त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं. अण्णांनी डावं बटण दाबलं. भिंत लागली.

"भिंत हाय बाई. बाकी काय न्हाई."

"उडी मारून बघा की."

अण्णांनी उडी मारली. भिंतीपलीकडे लाल सोफा होता, रिकामा. शेजारी चहाचा थर्मास, वाफ निघणारा. आणि वर बसमध्ये असते तशी पाटी: 'घाडगे बाईंसाठी राखीव'.

आम्हाला वाटलं, कॉल तुटला. मी वाकून पाहिलं तर बाई चष्मा काढून पदराने पुसत होत्या. माझेही डोळे भरून आले.

"अण्णा," शेवटी त्या म्हणाल्या, "आता उजवीकडं जा. पोरी ताटकळायल्यात."