गोजराकाकूंची आवडती भाजी

आमच्या इंझोरीच्या जानरावकाकांना तण ओळखता येतं, भाजी नाही. सत्तरी गाठली, तरी ताटात आलेली रानभाजी रानात कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. खुडून आणणं गोजराकाकूंचं काम. त्या मागच्या श्रावणात गेल्या. मुलगा पुण्याला. घरात बोलायला फक्त टीव्ही, आणि काका त्याच्याशीही भांडतात.

आता वर्षश्राद्ध आलं होतं. पानावर काकूंच्या आवडीची भाजी हवीच, असा हट्ट काकांनी धरला. दर पावसाळ्यात काकू हौसेनं ओटीभर आणत, तीच. नाव मात्र ठाऊक नाही! मग शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा मिळेल तो पाला आणायचा, शिजवायचा, चाखून थुंकायचा. एकदा घशाला अशी खाज सुटली की शेजारची पंचफुला धावत आली.

"भाऊजी, जीव देता काय? चाला, मी दाखवतो."

नाल्याकाठच्या पडीत तिनं एका रोपट्यापाशी त्यांना बसवलं. "हे कुंजर."

"हे? हे तं तण आहे! जिंदगीभर म्या याच्यावर फवारे मारले."

"म्हणून तं बिचारी इतक्या दूर येत होती. फवारलेलं घेऊ नका. शेंडाच खुडा, मूळ राहू द्या, पुन्ना फुटते."

पहिलं रोप काकांनी मुळासकट उपटलं आणि बोलणी खाल्ली. मग जमलं. दुपट्ट्यात भाजी साठली तसे ते कितीतरी दिवसांनी हसले. "आता तिचा जीव खूश होईन. लय आवडे तिले."

पंचफुलाचा हात थांबला. "तिले? भाऊजी, गोजराबाईनं ही भाजी कदी तोंडाले नाही लावली. लगन झालं त्या साली तुमी दोनदा मागून घेतली, म्हणून आणे."

"मंग तिले काय आवडे?"

पंचफुला विचारात पडली. "रानात तं तिनं सोतासाठी काहीच नाही खुडलं. घरी काय आवडीनं खाय, ते तुमालेच मालूम."

काका आठवत राहिले. काकू सगळ्यांच्या शेवटी जेवत, आणि तोवर काका ओसरीवर घोरत असत. एवढ्या संसारात काकूंच्या ताटात त्यांनी एकदाही डोकावलं नव्हतं. त्यांना तिथंच, पंचफुलासमोर, रडू फुटलं. पानावर काय वाढावं हे विचारायला एकच माणूस होतं, आणि श्राद्ध त्याचंच होतं.