वैद्यबुवांची रिकामी जागा

आमच्या घरात दोनच माणसं, मी आणि वैद्यबुवा. वैद्यबुवा म्हणजे माझे यजमान. नाडी त्यांना कळत नाही, तापाची गोळीसुद्धा मला विचारून घेतात. धंद्यानं ते पुस्तकबांधणीवाले. पण कॉम्प्युटरवर एक खेळ आहे, राक्षस, किल्ले, जादूची जंगलं असलेला. जगभरातली माणसं आपापल्या घरात बसून तो एकमेकांसोबत खेळतात. त्यात ह्यांची पाच जणांची टोळी होती, आणि लढाईत जखमी झालेल्या सोबत्यांना मंत्र टाकून बरं करणं हे ह्यांचं काम. दर रविवारी चार वाजता घरात बॉम्ब पडला तरी हे उठायचे नाहीत. टोळीनं नाव ठेवलं वैद्यबुवा, मी ते चिडवायला उचललं आणि तेच चिकटलं. सहा वर्षं मी त्या खेळाला सवत म्हणत आले.

मागच्या वर्षी बांधणीच्या कारखान्यात, कागद कापायच्या मशीनखाली, ह्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. वीस वर्षं ज्या हातानं गठ्ठे ठोकून सारखे केले, तोच हात त्या दिवशी पात्याखाली राहिला. जखम भरली. मालकांनी दोनदा निरोप धाडला, घड्या घालायच्या टेबलावर या, जमेल तेवढं करा. हे गेले नाहीत. खेळही सुटला, कारण कॉम्प्युटरवर चालायचं, वळायचं, मंत्र निवडायचा, सगळं डाव्या हाताकडे. एकदा बसून पाहिलं त्यांनी. पडद्यावरचे वैद्यबुवा भिंतीला धडका देत राहिले. मग हे उठले आणि कॉम्प्युटरवर चादर टाकून मोकळे झाले.

टोळीला कळवलं की कॉम्प्युटर जळाला.

"खरं सांगा की त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? बिचारा म्हणतील आणि जागा दुसऱ्या कुणाला देतील."

टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे सरदार म्हणतात, तो मालट्रक चालवतो. त्यानं आपला जुना कॉम्प्युटर पाठवायची तयारी दाखवली. ह्यांनी नको म्हटलं. एका खोट्यापायी दहा खोटी बोलावी लागतात, ती मी रोज ऐकत होते.

मग बातमी आली. तो खेळ आता टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, कन्सोलवर येणार. त्याला दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर असतो आणि निम्मं काम अंगठ्यांचं. अंगठे दोन्ही शाबूत! त्या दिवसापासून ह्यांच्या अंगात वारं शिरलं. टोळीला लगेच कळवलं, मी आता तिकडूनच येतो. सरदाराचं उत्तर आलं, ये, जागा रिकामी ठेवतो, पण तू येशील त्या पहिल्याच रविवारी काळा किल्ला घ्यायचाय, तयारीनं ये.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. खेळाचा पत्ता नाही आणि कन्सोल घरात हजर. खोका उघडायचा, पुसायचा, परत बंद करायचा. कंट्रोलर चार्ज करायचा, उतरला की पुन्हा चार्ज करायचा. कंपनीनं आधी एक महिना सांगितला, मग दुसरा, मग नुसतंच 'लवकरच'. माझं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. 'परवा या, तयार असेल' हे मी गिऱ्हाइकांना बारा वर्षं सांगते आहे, मला त्या 'लवकरच'चा अर्थ बरोबर कळत होता. ह्यांना नाही. दर अर्ध्या तासानं फोन बघायचे. जेवताना उठायचे. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं आणि परत सात पावलं, माझं डोकं गरगरायचं.

"बसा हो घटकाभर! तुमच्या चालण्यानं खेळ लवकर येणार आहे का?"

"बसलो तर हाताकडे लक्ष जातं," ते म्हणाले.

एक बरं झालं. हातांना काम मिळालं. पुठ्ठा, कापड आणि डिंक घेऊन ह्यांनी कंट्रोलरला मागून एक खोबण बांधली, म्हणजे मागची बटणं उरलेल्या बोटांना पोचावीत. तीनदा मोडली, चौथी जमली. कुठल्या बटणानं काय होणार याचं चित्र कंपनीनं आगाऊ छापलं होतं. ते भिंतीवर डकवलं. माझ्या चिंध्यांच्या टोपलीतून रंगीत तुकडे नेऊन बटणांवर चिकटवले. आणि बंद टीव्हीसमोर बसून सराव सुरू. लाल, बरं कर. हिरवा, विष उतरव. पिवळा, ढाल दे. मी पँटची शिवण उसवत बसलेली आणि शेजारी हे काळ्या पडद्याला बरं करताहेत. हसू यायचं. पण तो पहिला रविवार फसला तर हा माणूस पुन्हा कशालाच हात लावणार नाही, एवढं मला दिसत होतं. टेबल नाही, कारखाना नाही, काही नाही.

मी माझ्या परीनं सांभाळत होते. डब्याचं झाकण, 'राहू द्या, मी करते.' बुटाची नाडी, 'राहू द्या, मी बांधते.' आपण किती करतो, याचा मला थोडा अभिमानही होता.

शेवटी तारीख आली आणि ती नेमकी रविवारची, म्हणजे किल्ल्याचाही दिवस तोच. दुपारी बाराला खेळ खुला झाला. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायला किती वेळ लागावा? एकला दहा टक्के. दोनला तीस. ह्यांनी शर्ट दोनदा बदलला, जसं काही सरदार प्रत्यक्ष बघायलाच येणार होता. मीही दुकान बंद ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला 'परवा या' सांगून मी इथे टक्के मोजत बसले. सव्वातीनला पंच्याऐंशी. चारला पाच कमी असताना खेळ उघडला आणि जुने वैद्यबुवा, पांढरी दाढी, निळा झगा, जसेच्या तसे पडद्यावर उभे राहिले.

"आले, आले!" टीव्हीतून आवाज आला. सरदार, जुळे भाऊ आणि इस्पितळात नोकरी करणारी सिस्टर. गाठभेट कधीच नाही, पण आवाज मला सवयीचे. गप्पांना वेळ कुठला? किल्ल्याचं दार फुटलं, राक्षस आला.

"वैद्यबुवा, मला सांभाळ!" सरदार ओरडला.

ह्यांनी लाल दाबलं. वैद्यबुवांनी जागच्या जागी उडी मारली.

पुन्हा लाल. पुन्हा उडी. मागून पुढून राक्षस, सरदार रक्तबंबाळ, आणि आमचे वैद्यबुवा लंगडी खेळल्यासारखे टुणटुण उड्या मारताहेत. कंपनीनं शेवटच्या घटकेला बटणं बदलली होती. भिंतीवरच्या चित्रावर भिस्त ठेवून तीन महिन्यांत बोटांत मुरवलेलं सगळं फुकट. सरदार मेला. जुळे मेले. सिस्टर मेली. शेवटी उड्या मारता मारता वैद्यबुवाही.

"काय रे हे?" सरदार म्हणाला. "दारूबिरू प्यायलास काय?"

जुळे हसले. ह्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. चेहरा पांढराफटक. आता टीव्ही बंद करतील आणि त्यावरही चादर पडेल, असं वाटून माझा जीव खालीवर होऊ लागला.

"कॉम्प्युटर जळाला नव्हता," हे म्हणाले. "मशीनमध्ये माझी डाव्या हाताची दोन बोटं गेली. आता कुणा दुसऱ्याला घ्या तुम्ही."

मी मनातल्या मनात म्हटलं, आता येणार 'अरेरे', आता येणार 'बिचारा'.

"कुठली?" सिस्टरनं विचारलं.

"काय?"

"बोटं कुठली गेली?"

"अंगठ्याजवळचं आणि मधलं."

"मग करंगळीशेजारच्या बोटात जोर आहे ना? बरं करायचं बटण त्या बोटाखाली घे. बदलता येतं, बटणांच्या मांडणीत जा. आम्ही थांबतो."

"लवकर कर पण," सरदार म्हणाला. "मला साडेपाचला माल भरायचाय."

ह्यांनी मांडणी उघडली. एक बटण बदललं, मग दुसरं. पाच जण पुन्हा आत गेले आणि पुन्हा मेले, पण ह्या वेळी सरदार चार मिनिटं जगला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. अपघातानंतर अकरा महिने मी ह्या माणसाची बायको होऊन वावरत होते. कुठली बोटं हे मला ठाऊक होतं, विचारायची गरज नव्हती. पण उरलेल्या तीन बोटांकडून काय काय होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी 'राहू द्या' म्हणत राहिले आणि ते राहिले.

सोमवारी सकाळी हे आंघोळ करून दाराशी बूट घेऊन बसले.

"कुठे?"

"कारखान्यात. घडीचं टेबल कसं आहे बघून येतो."

नाडी उजव्या हातात घेतली, डाव्यातून निसटली. पुन्हा घेतली, पुन्हा निसटली. 'राहू द्या' अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"कुठल्या बोटानं धरणार?" मी विचारलं.

"करंगळीशेजारच्या," ते म्हणाले, मान वर न करता.

दुकान उघडायची वेळ टळून गेली. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली असणार. दोन्ही नाड्या बांधून होईपर्यंत मी हात मागे बांधून उभी राहिले.