सात नंबरच्या अर्जावरचा समुद्र

समुद्री कायद्यावर आमच्या तालुक्यात सर्वांत अधिकारवाणीने बोलणाऱ्या गृहस्थाने आजवर समुद्र पाहिलेला नाही. हे आमच्या शेजारचे चाचा. तळेगाव ढमढेऱ्यात त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या गेल्या. ते स्वतः पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. म्हणजे कालव्याच्या कडेने सायकल हाणत कोणाच्या शेताला पाणी कधी सोडायचे आणि कधी तोडायचे, हे पाहणारे. निवृत्तीनंतरही त्यांचा अंमल संपलेला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी वरच्या टोकाकडून सुरू झाला, की चाचा त्याला दंडाला धरून शेवटच्या पानाशी नेतात, कारण कालव्याचे पाणी असो वा पंगत, पाळी नेहमी शेपटाकडून सुरू करावी, वरचा कधी उपाशी राहत नसतो. बाजारात दोन भाजीवाल्या जागेवरून भांडू लागल्या, तर ते न बोलावता जातात आणि पावलांनी जमीन मोजून निकाल देतात. तो कोणालाच मान्य नसतो, तरी पाळला जातो.

त्यांचा एकुलता मुलगा मालवाहू जहाजावर इंजिन-फिटर आहे. शिक्रापूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो बोटीवर गेला, हे त्यांनी अद्याप माफ केलेले नाही. दोन वर्षांपूर्वी परक्या किनाऱ्यापासून दूर त्याच्या जहाजाचे इंजिन बंद पडले. जवळच्या दोन्ही देशांच्या तटरक्षकांनी हद्द दुसऱ्याची असल्याचे कळवले, आणि दीड दिवस जहाज वाहत राहिले. शेवटी इंजिन त्यानेच चालू केले. सुट्टीवर आल्यावर हे त्याने हसत सांगितले. चाचा हसले नाहीत.

“फुटल्या पाटावं कुणी हद्द इचारतं व्हय?” ते मला म्हणाले. “आमचा कालवा फुटला, तवा शेजारच्या सेक्शनचा पाटकरी आधी पोती घिऊन आला. भांडाय मागनं आला.”

त्या किनाऱ्यावरच्या छोट्या देशांच्या तटरक्षक दलांना बोटी आणि प्रशिक्षण मिळावे, त्यांनी एकत्र गस्त घालावी, असे एक विधेयक तिसऱ्याच देशाच्या संसदेत आल्याचे मी त्यांना सहज सांगितले. ही चूक माझी. मी एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि परदेशी संशोधनासाठी तयारी करते. आठवड्याला मोजून तीन तास मोकळे उरतात. त्यांतले दोन चाचांनी ताब्यात घेतले. दर रविवारी सकाळी ते चष्मा पुसत येत आणि मी एकेक कलम मराठीत सांगे. एकत्र गस्तीचे कलम त्यांनी मंजूर केले. समन्वय समितीचे कलम ऐकून मात्र विचारले, की ही समिती बसणार कुठे, आणि तोवर बोट कुठे जाणार. मी मसुदा पुन्हा चाळला. त्यात हे कुठेच दिलेले नव्हते.

लोकांच्या सूचना मागवल्या आहेत हे कळताच ते घरून पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज घेऊन आले. साधे पत्र पुरेल, असे मी सुचवले.

“कोऱ्या कागदाला कुठलं सरकार इचारतं, पोरी? नमुना लागतो.”

त्यांनी ‘गट नंबर’च्या रकान्यात माझ्याकडून घेतलेले अक्षांश-रेखांश भरले; ‘पीक’मध्ये जहाज, एक; ‘हंगाम’ बारमाही. तळाशी सुवाच्य अक्षरात लिहिले: जो जवळ असेल त्याने आधी जावे, हद्द नंतर मोजावी. मी भाषांतर जोडून पाठवले. दोन ओळींची पोच आली. ती आता लॅमिनेट केलेली आहे, आणि गावातल्या किमान निम्म्या लोकांनी ती हातात धरून पाहिली आहे.

गेल्या महिन्यात त्या संसदेची मुदत संपली आणि विधेयक चर्चेला न येताच बारगळले. कंपनीच्या बसला निघण्यापूर्वी मी त्यांच्या अंगणात जाऊन सगळे क्रमाने सांगितले: नवी संसद, विधेयकाची नव्याने मांडणी, पुन्हा समिती, वर्ष लागेल, कदाचित जास्तही. मुलगा त्याच आठवड्यात पुन्हा निघाला होता, त्याच पट्ट्यातून.

“आन् तवर पोरगं कुणाच्या हद्दीत?”

मी फोनवर जहाजांचा नकाशा उघडला आणि त्याचे जहाज शोधून दिले. निळ्यावर एक हिरवा ठिपका होता. बराच वेळ पाहून चाचा म्हणाले, हा हलत नाही. खोल समुद्रातून खबर उशिरा पोहोचते, जहाज चालूच असते, असे मी सांगितले. विधान अचूक होते. त्यांनी मान हलवली, पण फोन परत दिला नाही. तो दोन्ही हातांत धरून बाजेवर बसून राहिले. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मी बस जाऊ दिली.